चेंडूच्या सालीचं पेटंट

मुंबईहून एका वकीलबाईंचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बारावीच्या प्रॅक्टिकलनंतर ब्युरेट मोजून कपाटात लावत होते. बाईंनी माझं लग्नाआधीचं आडनाव घेतलं. रत्नागिरीत त्या नावाने मला कोणी ओळखत नाही, त्यामुळे मी आधी तिथेच दचकले. पूर्वी खेडजवळ, लोटे इथल्या एका केमिकल कारखान्यात, लॅबमध्ये होतात त्या तुम्हीच का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "गोल्फच्या चेंडूच्या सालीबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे."

मी म्हटलं, तुमची काहीतरी गफलत होते आहे. गोल्फ मी टीव्हीवरसुद्धा कधी धड पाहिलेला नाही.

पण पुढच्या रविवारी त्या आल्याच. हातखंब्याला वळायचं चुकल्या आणि पालीपर्यंत जाऊन परत फिरल्या, त्यामुळे पोचेपर्यंत दुपार झाली. वयाने माझ्याहून बऱ्याच लहान, बोलायला शांत. चहा झाल्यावर त्यांनी पर्समधून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. गोल्फचा चेंडू होता, मधोमध चिरलेला. आत निळसर रबराचा गोळा, त्याभोवती एक थर, आणि सगळ्यात बाहेर पांढरी, खळग्या-खळग्यांची, नखाच्या जाडीची साल. त्या सालीवरून परदेशातल्या दोन कंपन्या कोर्टात भांडत होत्या. एकीकडे पेटंट होतं. दुसरीने तसलीच साल वापरली म्हणून तिच्यावर दावा लागला होता. या बाई त्या दुसऱ्या कंपनीसाठी काम करत होत्या. पेटंटवाल्यांनी शोध लावायच्या आधीच तो माल आणखी कुठेतरी तयार झाला होता आणि विकला गेला होता, एवढं सिद्ध झालं की पेटंट टिकत नाही, असं त्यांनी मला समजावून सांगितलं.

"आणि तो माल लोट्याला तयार झाला होता, असं आम्हाला वाटतं," त्या म्हणाल्या.

मी साल अंगठ्याने दाबून पाहिली. नख रुतवलं. नख काढल्यावर वळ हळूहळू भरून आला. हा माल मी ओळखत होते.

आमच्या कारखान्यात पॉलियुरेथेनचं रेझिन बनायचं. छापखान्यांचे रोलर, ट्रॉलीची चाकं, गिरण्यांचे पट्टे, असल्या कामाला ते जायचं. पिंपात भरून ट्रकने मुंबईला, तिथून कुठे कुठे. मी खेडमध्ये खोली घेऊन राहायचे आणि सकाळी कंपनीच्या बसने लोट्याला जायचे. त्याआधी चार ठिकाणी मुलाखती दिल्या होत्या. आमचं गाव तिकडे आत, घाटाच्या बाजूला. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. आजोबांच्या पिढीत आमच्या वाडीने बौद्ध धम्म घेतला, आणि माझ्या अर्जावरचं आडनाव वाचलं की मुलाखत घेणाऱ्यांचे पुढचे प्रश्न रसायनशास्त्रातून उठून भलतीकडे जायचे. लोट्याच्या लॅबच्या प्रमुखांनी तसं केलं नाही. त्यांनी मला विचारलं, टायट्रेशन करताना शेवटचा थेंब जास्त पडला तर काय करशील? मी म्हटलं, पुन्हा पहिल्यापासून. ते म्हणाले, सोमवारपासून ये. त्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो. मला उभं केलं ते त्यांनी, हे मी आजही म्हणते.

एका परदेशी गिऱ्हाईकाने आमच्याकडे एक विचित्र मागणी केली होती. त्यांना एक मिलिमीटरहून पातळ पण चिवट साल हवी होती, धारदार पोलादाचा तिरपा फटका बसला तरी न सोलणारी. आणि ओतल्यावर ती अमुक सेकंदांतच घट्ट व्हायला हवी, त्याआधीही नाही आणि नंतरही नाही. कशासाठी हवी, ते त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. वर्कशॉपमधल्या फिटरने एक लोंबता हातोडा करून दिला, त्याला छिन्नीचं पातं लावलं, आणि आम्ही तुकड्यामागून तुकडे सोलत बसलो. महिनाभर एकही टिकला नाही. रेझिन घट्ट करणारा एक हार्डनर घातला की मिश्रण कपातच गोठायचं, दुसरा घातला की तासभर पातळच राहायचं.

श्रावणात सरांच्या थोरल्या भावाचं मुंबईत ऑपरेशन निघालं आणि सर तीन दिवस तिकडे गेले. मी एकटीच होते. दोन्ही हार्डनर एकत्र करून बघावेत असं माझ्या मनात बरेच दिवस होतं, पण सरांना ते पटत नव्हतं. मी थोडं थोडं प्रमाण बदलत गेले. वेळ जमली, पण सालीत बारीक बारीक बुडबुडे राहायचे. या रेझिनला पाण्याचं वावडं असतं. हवेतली ओल लागली तरी ते आतून फसफसतं, आणि श्रावणात लोट्याच्या हवेत ओलीशिवाय दुसरं असतं काय. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या लक्षात आलं की डोक्यावरचा पंखा ती सगळी ओली हवा सरळ कपात ढकलतो आहे. मी पंखा बंद केला, ओढणीचं टोक कपावर धरलं आणि ढवळलं. तो तुकडा सोलला गेला नाही. मी एकापाठोपाठ चाळीस फटके मारले. मग वहीत सगळं लिहिलं, माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत: प्रमाण, सेकंद, भट्टीचं तापमान, आणि शेवटी, ढवळताना छताचा पंखा बंद ठेवला होता. सर परत आल्यावर मी त्यांना अगदी हातवारे करकरून सांगितलं. ते खूश झाले. पानाखाली नेहमीप्रमाणे "तपासले" लिहून त्यांनी सही केली.

पुढे त्या मालाची पिंपं दीड-दोन वर्षं जात होती. मग गिऱ्हाईकाने एकाएकी मागणी बंद केली. काही वर्षांनी कारखानाही दुसऱ्याने घेतला, माझं लग्न झालं, मी रत्नागिरीला आले.

हे सगळं मी वकीलबाईंना सांगितलं. त्या लिहून घेत होत्या. मग त्यांनी पेटंटची छापील प्रत काढली आणि खूण केलेलं पान माझ्यापुढे ठेवलं. शोध लावणाऱ्यांची दोन नावं वर होती, दोन्ही परकी, कधी न ऐकलेली. मी वाचायला लागले. उदाहरण चौथं. प्रमाण माझंच होतं. सेकंद माझेच. भट्टीचं तापमान तेच. आणि परिच्छेदाच्या शेवटी, नीट सुधारलेल्या इंग्रजीत, एक वाक्य होतं: मिश्रण ढवळताना छताचा पंखा बंद ठेवण्यात आला.

मी ते चारदा वाचलं. नवऱ्याला हाक मारली आणि त्यालाही वाचायला दिलं. काय झालं ते त्याला कळेना. ती कंपनी जिथली, तिथे बर्फ पडतो. तिथल्या लॅबच्या छताला पंखा कशाला असेल? कोणीतरी माझं पान समोर ठेवून उतरवून काढलं होतं, आणि उतरवताना आपण काय लिहितो आहोत याचाही विचार केला नव्हता.

"आम्हीही तिथेच अडलो होतो," वकीलबाई म्हणाल्या. "म्हणून तुमच्यापर्यंत आलो."

चोरीबिरी हा शब्द त्या वेळी मनात आलाच नाही. माझ्या घरातून कोणीतरी माझ्या नकळत फिरून गेलं आहे आणि मला आज कळतं आहे, असं काहीतरी वाटत होतं.

मूळ वही सरांकडे आहे, हे बाईंना ठाऊक होतं. सर आता आंजर्ल्याला, आपल्या मूळ घरी राहतात. त्यांनी आपलं शपथपत्रही करून दिलं आहे, असं त्या म्हणाल्या. त्यात काय आहे ते त्यांनी सांगितलं नाही. माझं शपथपत्र लिहून घेण्याआधी मी सरांना भेटून येते, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, भेटा.

पुढच्या शनिवारी मी एसटीने खेड, दापोली करत आंजर्ल्याला पोचले. सरांचं घर कड्याच्या पायथ्याशी, वाडीत. मी दहा वर्षांत गेले नव्हते. सर बरेच वाकले होते, पण आवाज तोच. सूनबाईंनी पन्हं दिलं. मुलगा पुण्याला नोकरीला, आणि या दोन खोल्या पर्यटकांना देतात, घरचं जेवण करून घालतात. मी कोण ते सांगितल्यावर सूनबाईंचा चेहरा खुलला. "म्हणजे त्या चेंडूच्या वेळी तुम्ही होतात? बाबा ती गोष्ट येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात."

मी सरांकडे पाहिलं. गोल्फच्या चेंडूचं त्यांना वर्षभरापूर्वी वकीलबाईंचं पत्र आल्यावर कळलं होतं. प्रयोगाची गोष्ट मात्र जुनी होती, तिला आता चेंडू जोडला गेला होता. सूनबाईंनी आग्रह केला आणि सरांनी ती मला सांगितली.

त्यांनी श्रावण सांगितला. महिनाभर न टिकलेले तुकडे सांगितले. सगळे म्हणत होते एकच हार्डनर वापरा, पण माझ्या मनात दोन एकत्र करायचं होतं, असं सांगितलं. मग बुडबुडे. "दुसऱ्या दिवशी दुपारी मी वर बघितलं," सर म्हणाले, "आणि पंखा दिसला. उठलो, बटण बंद केलं. कपावर रुमाल धरला, असा." त्यांनी डावा हात हवेत धरून दाखवला. ओढणीचं टोक मी जसं धरलं होतं अगदी तसा. "चाळीस फटके मारले. सोललं नाही."

मी ऐकत होते. ते खोटं बोलत असते तर मला कळलं असतं, इतकी वर्षं मी त्यांच्यासमोरच्या टेबलावर काढली आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर आठवणारा माणूस होता. त्यांना ती दुपार दिसत होती. माझ्या सांगण्यातून ती त्यांच्यात गेली होती, आणि एवढ्या वर्षांत तिथे माझ्या जागी ते बसले होते.

पेटंटवाल्यांकडे पान कसं गेलं, ते मी विचारलं. ते म्हणाले, गिऱ्हाईकाने पद्धतीचे कागद मागितले होते, मालाची खात्री करायला. मीच झेरॉक्स काढून कुरियर केले. तेव्हा कोणाला काय माहीत. त्यात काही लपवण्यासारखं आहे असं त्यांना वाटत नव्हतं, आणि नव्हतंही.

मग ते आत गेले आणि वही घेऊन आले. तीच, खाकी पुठ्ठ्याची. त्यांनी पान उघडून सूनबाईंपुढे धरलं आणि खालच्या सहीवर बोट ठेवलं. सूनबाईंनी सही पाहिली, मग नजर वर नेली. सरांचं अक्षर टपोरं, उभं. पानभर माझं बारीक, उजवीकडे कललेलं.

"बाबा, मग हे वरचं अक्षर कोणाचं?" त्यांनी सहज विचारलं.

सर म्हणाले, "हिचं. मी सांगायचो, ही लिहायची."

इतक्या मायेने म्हणाले ते. मला त्यांनी आडनावावरून कधी काही ऐकवलं नाही, आपल्या घरी पंगतीत शेजारी बसवून जेवायला घातलं, आणि आज त्याच घरात मी त्यांची लेखनिक झाले होते. मी पानाकडे बघत राहिले. वर माझ्या हातची तारीख होती. खाली सरांच्या सहीशेजारी त्यांच्या हातची तारीख होती. दोन्हींत दोन दिवसांचं अंतर होतं. सही त्यांनी परत आल्यावर केली, आणि मागची तारीख घालावी असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. ते तसे कधीच नव्हते.

मी ते दाखवलं नाही. जेवले, सरांच्या पाया पडले आणि दुपारच्या गाडीने निघाले. दापोलीपर्यंत खिडकीबाहेर काय होतं ते मला सांगता येणार नाही.

वकीलबाईंना मी फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, कोर्टाच्या दृष्टीने प्रयोग कोणी केला याला फारसं महत्त्व नाही, कुठे आणि कधी झाला याला आहे. सरांनी शपथेवर लिहून दिलं आहे की प्रयोग त्यांनी केला. आता तुम्ही वेगळं सांगितलंत तर समोरचे म्हणतील, यांच्या साक्षीदारांचंच एकमत नाही. तुम्ही खोटं बोला असं मी म्हणत नाही, असंही त्या म्हणाल्या.

"फक्त 'मी' ऐवजी 'आम्ही' म्हणता येईल का?"

आम्ही. मी त्यावर आठवडाभर विचार केला. लॅब आमची होती, महिनाभराची खटपट दोघांची होती, फिटरचीही होती. आम्ही म्हटलं तर ते पूर्ण खोटं नव्हतं. नवरा म्हणाला, तुझं नाव पेटंटवर लागणार नाहीच आहे, मग कशाला त्या म्हाताऱ्या माणसाला दुखावतेस. तेही खरं होतं. माझं शपथपत्र तयार झालं तेव्हा त्यात "आमच्या लॅबमध्ये प्रयोग करण्यात आला" असं वाक्य होतं. मी सही केली.

महिन्याभराने पडद्यावर साक्ष झाली. रत्नागिरीतल्याच एका वकिलांच्या ऑफिसात, संध्याकाळी सात वाजता, तिकडे सकाळ असते म्हणून. शेजारी दुभाषा बसला होता. समोरच्या बाजूचे वकील पांढऱ्या केसांचे, अतिशय सभ्य होते. त्यांनी माझं शिक्षण विचारलं, पगार कोण द्यायचं ते विचारलं, वही कोणाच्या ताब्यात असायची ते विचारलं. मग ते पान पडद्यावर आलं, माझं अक्षर भिंतीएवढं मोठं होऊन. त्यांनी विचारलं, या दिवशी कप कोणाच्या हातात होता?

दुभाष्याने प्रश्न मराठीत सांगितला. आम्ही म्हणून उत्तर देता येणार नाही असा तो प्रश्न होता. कप एकाच्याच हातात असतो.

"माझ्या," मी म्हटलं.

आणि तुमचे प्रमुख त्या वेळी कुठे होते? मुंबईत. हे तुम्ही कशावरून सांगता? मी म्हटलं, पानावर दोन तारखा आहेत. खालची त्यांच्या हातची आहे, परत आल्यावरची.

तिकडे कोणीतरी कागद उलटले. आमच्या वकीलबाईंचं पेन थांबलेलं मला डोळ्यांच्या कडेने दिसलं. नंतर जिना उतरताना त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की खरं बोललात, पण आता ते सरांना शपथेवर खोटं बोललेला माणूस ठरवतील. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझा कप मला परत मिळावा एवढंच मी पाहिलं होतं.

चार दिवसांनी सरांचा फोन आला. त्यांना माझ्या जबानीची प्रत कोणीतरी पाठवली होती. मी नमस्कार केला.

"तारखा मी बघितल्या," ते म्हणाले. "भावाच्या ऑपरेशनचे कागद होते घरात, तेही काढले. मी मुंबईतच होतो." मग म्हणाले, "अगं, पण मला ते दिसतं. अजून दिसतं. पंखा, कप, सगळं. मी नव्हतो तर मला कसं दिसतं?"

मी म्हटलं, मी तुम्हाला सांगितलं होतं, सर. तुम्ही नीट ऐकलं होतंत.

त्यांनी शपथपत्र बदलून द्यायची तयारी दाखवली. तशी वेळ आली नाही. दोन्ही कंपन्यांनी आपसांत मिटवून घेतलं. एकमेकींची पेटंटं दोघींनी वापरायची, आणि कोणी काही कबूल केलेलं नाही असं समजायचं, अशा अर्थाचं पत्र वकीलबाईंनी मला पाठवलं. सोबत आभार होते. सरांकडे कोणी बोट दाखवलं नाही. पेटंटवर ती दोन नावं अजून आहेत, चौथं उदाहरणही आहे. लोट्याला काय झालं होतं, हे शेवटी कोणी ठरवलंच नाही. ते ठरवल्याशिवाय सगळं मिटू शकतं, याचा मला बसलेला धक्का अजून पुरता ओसरलेला नाही.

सर मात्र तेव्हापासून दर रविवारी फोन करतात. त्यांना एकेक जुनी गोष्ट पडताळून पाहायची असते. पहिली भट्टी बसवली तेव्हा मी होतो ना? कामगारांच्या संपात गेटवर बोललो तो मीच ना? मला माहीत असतं ते मी सांगते. बहुतेक वेळा ते होतेच. होतात, सर, म्हटलं की त्यांचा आवाज सैल होतो.

गेल्या रविवारी त्यांनी गॅस सुटला होता त्या दिवसाचं विचारलं. धुरात शिरून व्हॉल्व्ह बंद केला होता, तो आपणच ना, म्हणून. कारखान्यात त्या दिवसाबद्दल पुष्कळ बोललं जायचं. पण मी तेव्हा रजेवर गावाला होते. माझ्या कानांवर आलं ते सगळं इतरांकडून, आणि त्यात सरांचं सांगणंही होतं. मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. मला माहीत नाही, सर.

मागे सूनबाई कोणाला तरी ताट वाढलंय म्हणून हाक मारत होत्या.

"मग आता ते कोणाला विचारायचं?" सर म्हणाले.